गाडी खोटं बोलत नाही

गाडीत बसला की तो आधी डॅशबोर्डवर दोन बोटांनी टकटक करायचा, काचा वर आहेत ना ते पाहायचा आणि म्हणायचा, "गाडी खोटं बोलत नाही, काका."

टेक्सासमधल्या अर्विंगच्या आमच्या गल्लीत तुमच्यापैकी जे राहून गेले, त्यांनी त्याला पाहिलेलं आहे. पिवळी स्कूल बस चालवणारा, पन्नाशी ओलांडलेला, धिप्पाड कृष्णवर्णीय माणूस. आपली मुलं मला काका म्हणत, म्हणून तोही म्हणू लागला. दिवाळीत आमच्या ड्राइव्हवेत खुर्ची टाकून बसायचा आणि चकली मागून घ्यायचा.

तो अर्धा रॅपर होता, हे मात्र फार जणांना ठाऊक नव्हतं. 'अर्धा' हा त्याचाच शब्द. उरलेला अर्धा म्हणजे त्याचा शाळेपासूनचा मित्र. दोघांची जोडी. इकडचं दक्षिणेतलं, सावकाश, जड ठेक्याचं हिप हॉप. तरुणपणी त्यांचा एक अल्बम बऱ्यापैकी चालला होता. लोक त्यावर नाचले, शब्द कुणी ऐकले नाहीत, असं तो सांगे.

एवढ्या वर्षांनी त्यांनी दुसरा अल्बम करायला घेतला. मित्र ह्यूस्टनहून यायचा, आपल्या ओळी म्हणून जायचा. मिक्सिंग, म्हणजे कुठला आवाज किती मोठा ठेवायचा ते ठरवणं, हा स्वतःच्या गॅरेजमध्ये करायचा. एक गाणं त्याच्या आईवर होतं. ती लोकांच्या कपड्यांना इस्त्री करताना कपड्यांच्या मालकांच्या नकला करायची, त्या सगळ्या त्यात होत्या. "या वेळी शब्द ऐकू आले पाहिजेत," तो म्हणायचा.

या रेकॉर्डिंगवाल्या लोकांची एक रीत आहे. मिक्सिंग झालं की ते साध्या गाडीत लावून ऐकतात, कारण लोक गाणी गाडीतच ऐकतात. त्याचा ट्रक मोडीत गेला होता, म्हणून माझी जुनी सेडान. पहिल्याच दिवशी त्याने विचारलं, "यात काही बदललंय का? स्पीकर, सेटिंग?"

मी ऐटीत सांगितलं, "कंपनीतून आली तशीच आहे."

मग रविवारी सकाळी आमची फेरी सुरू झाली. तो डोळे मिटून ऐकायचा. "बास कमी पडतोय, काका." बास म्हणजे ठेक्याचा खालचा, छातीत घुमणारा आवाज. पुढच्या रविवारी बास वाढवून आणायचा आणि पुन्हा मान हलवायचा, अजून कमी. एकदा मी म्हटलं, तू आमच्या कीर्तनकारासारखा वाटतोस. कीर्तनकार कोण, हे त्याने नीट समजून घेतलं. उभा राहतो, मागे ठेका, मध्येच बोलतो, मध्येच गातो, लोकांना हसवत हसवत चार गोष्टी सुनावतो.

"म्हणजे रॅपरच की," तो म्हणाला.

अल्बम आला. आभारांत 'काकांची गाडी' असं छापलं होतं. मी मंडळाच्या गणपतीत ते सगळ्यांना फोनवर दाखवत फिरलो.

मग परीक्षणं आली. जवळजवळ सगळ्यांचा सूर एकच: बास इतका की शब्द बुडाले, म्हाताऱ्यांनी पोरांच्या गाड्या हादरवायला केलेला अल्बम. आईच्या गाण्याबद्दल कुणी काही लिहिलंच नाही. मित्राने फोनवर त्याला बहिरा म्हटलं आणि यायचं बंद केलं.

डिसेंबरात मॉरिसव्हिलहून नात आली. माझ्या गाडीत तिने आपलं काहीतरी लावलं आणि लगेच बटणाशी खटपट करू लागली. "आजोबा, व्हाय इज द बास ऑल द वे डाउन?"

तेव्हा मला आठवलं. शनिवारी देवळात जाताना मी आणि बायको अभंग लावायचो. पखवाजाचा ठोका हिच्या डोक्यात घुमायचा, शब्द कळायचे नाहीत, म्हणून मीच बास पार खाली आणला होता. पुढे ही गेली. त्या बटणाला परत कुणी हात लावला नाही.

मी तडक त्याच्याकडे गेलो. मी तोंड उघडण्याआधी तोच म्हणाला, "माझे कान गेले, काका. तुम्ही एवढ्या सकाळी उठून यायचात, आणि माझेच कान गेले."

तिथेच सांगायला हवं होतं. मी त्याच्या तब्येतीची चौकशी करून परत आलो. पुढच्या आठवड्यात त्याने गॅरेजमधले मोठे स्पीकर कुणाला तरी देऊन टाकले. ते जड होते. उचलायला मी एका बाजूने हात दिला.

त्यानंतर तो बस चालवत राहिला, चकली मागत राहिला. माझ्या गाडीत मात्र पुन्हा बसला नाही. या वसंतात हृदयविकाराने गेला. त्याचे कान शेवटपर्यंत शाबूत होते. ज्यांनी ज्यांनी तो अल्बम ऐकून नाक मुरडलं, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

गॅरेज आवरायला त्याचा मित्र आला, तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. तो रागावेल म्हणून मी वाट पाहिली. त्याने हातातलं खोकं खाली ठेवलं. मी त्याला माझ्या गाडीत बसवलं, काचा वर केल्या आणि आईचं गाणं लावलं. शब्द अन् शब्द ऐकू येत होता. नकलांपाशी मित्राला हसू फुटलं, मग त्याने तोंडावर हात ठेवला.

गाणं संपल्यावर तो म्हणाला, "हे आम्ही केलं होतं. हेच."

मुलगा म्हणतो, बाबा, आता ही गाडी विका. मी विकणार नाही. तो अल्बम त्याने केला तसा वाजेल अशी दुसरी गाडी मला माहीत नाही. परवा नातीने पुन्हा बटणाकडे हात नेला, तेव्हा मी तो धरला.