सिस्टरबाई आणि बावन्न नकार

आरोग्य केंद्रातल्या सिस्टरबाईंना बावीस वर्षांत फारसं कुणी ओळखत नव्हतं. मग शाळेत एक मुलगी बेशुद्ध पडली आणि दोन दिवसांत त्या घराघरांत पोचल्या.

सातवीच्या मुलींना गर्भाशयमुखाचा कर्करोग टाळणारी लस द्यायची होती. रांगेतली सहावी मुलगी शिंप्याची. उपाशीपोटी आलेली. पुढचीच्या दंडात सुई जाताना पाहिली आणि आडवी झाली. तिला लस टोचलीच नव्हती. पण कुणीतरी काढलेल्या व्हिडिओत मुलगी फरशीवर आणि सिस्टरबाई सिरिंज घेऊन उभ्या. उरलेल्या एकसष्ट मुलींपैकी बावन्न जणींच्या घरून 'नको' आलं. वरिष्ठ कार्यालयाने जनजागृतीसाठी हसऱ्या मुलीची पोस्टरं धाडली. कुणीतरी तिला मिशा काढल्या.

सिस्टरबाई शिंप्याच्या दुकानात गेल्या.

"सरकार आधी तीन डोस म्हणालं, मग दोन, आता एक," शिंपी म्हणाला. "उद्या नुसती बाटली दाखवून पाठवाल."

"एकाने भागतं, हे अभ्यासातून नंतर कळलं."

"तसं परिपत्रकात लिहिलंय?"

"नाही. तिथे नुसतं 'सुधारित' लिहिलंय."

शिंप्याने मशीन थांबवलं. सरकारी माणसाकडून सरळ उत्तर मिळायची त्याला सवय नव्हती.

"तुमच्या घरच्या मुलीला दिलीत?"

सिस्टरबाईंना दोन मुलगे. भाची मात्र त्याच वर्गात होती, आणि बावन्नांतला एक नकार सख्ख्या धाकट्या भावाचा होता.

संध्याकाळी त्या भावाकडे गेल्या.

"ताई, तुला स्वतःला खात्री आहे?"

"आहे."

"मग आधी का नाही बोललीस?"

"तू विचारलं नाहीस. व्हिडिओ तेवढा मला पाठवलास."

"त्यात ताईच आहेत, हेही यांना दिसलं नाही," आतून वहिनी म्हणाली.

भावाने व्हिडिओ पुन्हा पाहिला. बराच वेळ पाहिला. मग संमतीपत्रावर सही करायला पेन मागितलं.

पुढच्या खेपेला भाची सगळ्यात पुढे होती. शिंपी लेकीला घरूनच पोटभर खायला घालून घेऊन आला आणि टोचून होईपर्यंत तिचा हात धरून उभा राहिला. घाम त्यालाच जास्त आला होता. त्या दिवशी तेवीस मुलींनी लस घेतली.

उद्दिष्ट का गाठलं नाही, या रकान्यात सिस्टरबाईंनी लिहिलं, 'बोलायला वेळ लागतो.' दिलेल्या पर्यायांपैकीच एक निवडावा, अशा शेऱ्यासह फॉर्म परत आला. त्यांनी 'इतर' वर खूण केली, चपला घातल्या आणि चोविसाव्या मुलीच्या घरी निघाल्या.