सांगडीवरची गाडी

माझ्या मामाची मोटार सरकारनं नेली, तेव्हा मी तिथंच होतो. मला एक प्रश्न विचारला गेला होता. त्याचं खरं उत्तर मला ठाऊक होतं आणि मी ते दिलं नाही. एवढंच सांगायचं आहे. पण नुसतं एवढं सांगून कुणाला काही कळणार नाही, म्हणून आधीचंही लिहितो.

मामा कोळ्याचा, पण होडीत रमला नाही. कुवेतला तेलाच्या कंपनीत ड्रायव्हर म्हणून गेला आणि बऱ्याच वर्षांनी परत आला तो गाडी घेऊन. त्या काळी बाहेरची गाडी आणायची तर परवाना लागे आणि परवाना मिळत नसे. एकच फट उघडी होती. परदेशात राहून कायमचा परतणारा माणूस तिथं स्वतः वापरलेली एक गाडी जकात भरून आणू शकत असे. मात्र काही वर्षं ती विकायची नाही, दुसऱ्याच्या नावावर करायची नाही, मोबदला घेऊन कुणाच्या ताब्यात द्यायची नाही, असं लिहून द्यावं लागे. मी मुंबईत गोदीजवळ, माल सोडवून देणाऱ्या एका पेढीत कारकून होतो. मामाचं सगळं काम मीच केलं. रोज पेढीतून निघून जकातीच्या दारात उभा राहत होतो.

सही करताना मी मामाला अटी समजावल्या.

"मामा, ही विकायची नाही हां."

"इकाया आनली व्हय? तुज्या मामीला बसवाया आनली."

गाडीचं स्टिअरिंग डाव्या बाजूला. अशा गाडीला मागे तसं लिहावं लागे, आणि वळताना बाहेर येणारा यांत्रिक हात बसवावा लागे. तोही बसवून घेतला. मग मामा आणि मी गाडी घेऊन निघालो ते रेवदंड्याच्या खाडीपर्यंत. आमचं गाव पलीकडे. त्या खाडीवर पूल नव्हता, आणि गाडी नेईल अशी मोठी नावही नव्हती.

गावातली माणसं दोन होड्या घेऊन आली होती. होड्या शेजारी शेजारी लावून, वर फळ्या आवळून त्यांनी सांगड बांधली. भरतीचं पाणी स्थिरावलं तसं गाडी दोरांनी धरून फळ्यांवर घेतली. दोर सुटला असता तर गाडी खाडीत आणि मामाची सगळी कमाईही खाडीत. चार जण छातीभर पाण्यात होते. मी काठावर, विजार भिजू नये म्हणून थोडा मागेच, बगलेत कागदांची पिशवी.

आमच्याकडे एक रीत होती. नवी होडी पहिल्यांदा पाण्यात घालायला ज्याचा हात लागला, त्याचा त्या होडीवर हक्क. मालक मालकच राहतो, पैसा कुणी देत-घेत नाही. पण त्या माणसाच्या घरी लग्न असो की आजारपण, त्यानं होडी मागायची नसते, न्यायची असते. पलीकडे गाडी उतरली तशी मामानं तिथंच नारळ फोडला आणि दोर धरलेल्या चौघांना हक्क सांगितला. चौघांनी गाडीला हात लावून पाया पडून घेतलं.

मी वाट बघत होतो. शेवटी हसत विचारलं, "आणि माझा?"

"तुजा हात कुटं लागला दोराला?" मामा म्हणाला.

"त्यो कागद सांबाळत व्हता ना," चौघांतला एक म्हणाला. "कागदावर हक्क दे त्याला."

सगळे हसले. मीही हसलो. पण ते माझ्या मनातून गेलं नाही. गोदीत एवढ्या खेपा घातल्या त्या कुणाला दिसल्या नाहीत, असं मला वाटत राहिलं. आता लिहिताना हे फार लहान दिसतं. तेव्हाही लहानच होतं.

गाडी गावात नीट रुळली. यांत्रिक हात खाऱ्या हवेनं लवकरच गंजून बसला, मग मामी उजव्या बाजूला बसून बांगड्या भरलेला हात बाहेर काढायची. चौघांच्या घरची वऱ्हाडं गेली, एकाची बायको बाळंतपणाला गेली. मामा स्वतः चालवायचा आणि पेट्रोलही स्वतःच घालायचा.

दुसऱ्या वर्षी जकातीचा साहेब तपासणीला आला. गाडी जागेवर आहे की विकली, एवढं बघायला. मी सुटीवर आलो होतो. मामा मासळीबाजारात गेला होता आणि गाडी चौघांपैकी एकाच्या अंगणात उभी होती.

"गाडी कोणाची?" साहेबानं विचारलं.

"आमची," तो म्हणाला. छाती काढून म्हणाला. "आमा चौगांचा हक्क हाय हिच्यावर."

बाकीचे तिघेही आले आणि त्यांनीही तेच सांगितलं. साहेबापुढं गावची गाडी आपली म्हणून सांगण्यात त्यांना मोठेपणा वाटत होता. साहेब लिहीत गेला. मग त्याची नजर माझ्या इस्त्रीच्या सदऱ्यावर पडली. मला बाजूला घेऊन तो म्हणाला, "तुम्ही शिकलेले दिसता. या लोकांनी मालकाला पैसे दिलेत का?"

पैसे कुणी दिले नव्हते. हे मला माहीत होतं, रीत मला माहीत होती आणि जकातीच्या अटी तर तोंडपाठ होत्या. दोन वाक्यांत सगळं सांगता आलं असतं.

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "मी मुंबईला असतो."

भीती नव्हती. सूडही म्हणवत नाही. कागदवाला म्हणून हसलात ना, मग आता बघा, असं काहीतरी होतं.

महिन्याभरात, अट मोडली म्हणून, गाडी न्यायला जकातीची माणसं आली. पुन्हा सांगड बांधावी लागली, कारण दुसरा मार्गच नव्हता. गाडी नेणाऱ्यांसाठी मामानंच ती बांधली. चौघांपैकी एक रागानं घरी बसला आणि एका दोराला माणूस कमी पडला. मामानं माझ्याकडे पाहिलं. मी विजार वर खोचून पाण्यात उतरलो. दोर ओला आणि जड होता, हाताची सालटं निघाली. गाडी पलीकडे सुखरूप उतरली.

परत येताना मामा म्हणाला, "सायबानं तुला काय इचारलं व्हतं रं?"

"काही नाही. कुठं असतोस म्हणून विचारलं."

त्यानं होडी गावाकडे वळवली. मग म्हणाला, "आज तुजा हात लागला. आता तुजा बी हक्क झाला हिच्यावर. सुटून आली का पयली तुज्या घरच्या कामाला."

मी अर्ज लिहिले, खेपा घातल्या. तोंडी जे सांगायचं होतं ते आता लिहून दिलं. चौघांचे जबाब आधीच नोंदले गेले होते. गाडी सुटली नाही.

मामा गेल्या वर्षी गेला. त्याआधी माझ्या मुलीचं लग्न ठरल्याचं सांगायला मी गावी गेलो होतो. तो खाटेवर पडून होता. तारीख विचारली, वऱ्हाड कुठून येणार ते विचारलं आणि म्हणाला, "गाडी असती तर नेली असतीस. मला इचारायचं बी कारन नव्हतं."

"हो मामा," मी म्हणालो.