हवालदार काकांचा डावा पाय

लातूरला माजी सैनिकांचा दवाखाना आहे, तिथे मी खिडकीवर बसते. कार्ड बघायचं, नंबर द्यायचा, डॉक्टरांनी सांगितलेलं कॉम्प्युटरवर चढवायचं. नोकरी कंत्राटी आहे, पण ती सांगताना मी आवाज खाली करत नाही. कंधार तालुक्यातल्या आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. मी बी.कॉम. झाले तेव्हा दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गावभर पेढे वाटले. कुणीतरी विचारलं, "आता पुढं काय?" तर म्हणाले, "पुढं काय म्हंजे? ग्रॅज्युएट झाली की पोरगी!"

दवाखान्यात मात्र या पदवीला कुणी विचारत नाही. तिथे माझी ओळख एकच, सिव्हिल. "ती सिव्हिल पोरगी जेवायला गेली का?" "सिव्हिलला सांगा, पंखा लावा म्हणावं." फौजेतून आलेल्या माणसाच्या लेखी जग दोनच भागांत वाटलेलं असतं, फौजी आणि सिव्हिल, आणि आम्ही, म्हणजे मी, डॉक्टर मॅडम आणि झाडू मारणाऱ्या मावशी, सगळे दुसऱ्या भागात.

खिडकीसमोरच्या बाकावर बसून हे लोक आमच्याबद्दल बोलतात, आणि आम्हाला ऐकू जाईल अशा बेतानं बोलतात. त्यात पुढे एक सुभेदार साहेब. मिशांना पीळ, शर्टाची इस्त्री कडक. ते म्हणायचे, "सिव्हिल माणसाला घड्याळ कशाला देतात तेच कळत न्हाई. बघत तर न्हाईत." त्यांच्या शेजारी बसणारे हवालदार काका लगेच पुढे ओढायचे, "बघतात की साहेब. सुट्टी व्हायला किती राहिलं ते बघतात." बाक हसायचा. मग काका माझ्याकडे वळून म्हणायचे, "पोरी, फौजेत असतीस तर पिठ्ठू लागला असता तुला. पाठीवर सामान, आणि मैदानाला चकरा!"

"काका, मी कंधारहून एसटीत उभी राहून आलेय. पिठ्ठू झालाय माझा."

"ही बघा, उलट बोलून राहिली," ते खूश होऊन सांगायचे.

काकांना शुगर होती. दर महिन्याला औषधं न्यायला यायचे. फौज सुटून कितीतरी वर्षं झालेली, गावी शेती बघत होते, पण दवाखान्यात यायचे ते काळे बूट चमकवून. माझ्या खिडकीच्या मागच्या बाजूला डॉक्टर मॅडमची खोली आहे. मधे पातळ पार्टिशन, त्यात काच. मला आतलं दिसत नाही, ऐकू येतं. काका आत गेले की डावा पाय उचलून असा आपटायचे की ती काच थरथरायची. मग आवाज, "जय हिंद, डॉक्टर साब!" मॅडम माझ्याहून थोड्याच मोठ्या, लातूरच्याच. त्यांनी किती वेळा सांगितलं की मला साब म्हणू नका. काका म्हणायचे, "खुर्चीला साबच म्हणतात."

मॅडम विचारायच्या, "काही त्रास?" उत्तर ठरलेलं. "सब ठीक, साब."

हे 'सब ठीक' काय प्रकरण आहे ते मला इथे आल्यावर कळलं. नोकरीत असताना दुखणं सांगितलं की मेडिकल कॅटेगरी खाली जाते, कॅटेगरी गेली की बढती अडते. म्हणून तपासणीला उभं राहिलं की तोंडातून आपोआप 'सब ठीक' निघतं. फौज सुटते, ही सवय सुटत नाही. त्यातून सिव्हिल डॉक्टरपुढे दुखणं सांगायचं म्हणजे तर आणखी कमीपणा.

त्या दिवशी खिडकीपुढे गर्दी होती. काका आत गेले. मी कुणाचं तरी कार्ड हातात धरून होते आणि माझ्याही नकळत त्या आवाजाची वाट बघत होते. आवाज आला नाही. नुसतं "जय हिंद, साब," आणि मग "सब ठीक, साब." काच गप्प.

काका बाहेर आले, औषधं घेतली, दाराकडे निघाले. चालणं ताठच, पण डावं पाऊल जरा जपून पडत होतं. मला राहवलं नाही. मी खिडकी सोडून बाहेर आले. मागे रांग ओरडली, "अहो ताई, आमचा नंबर!"

"काका, आज पाय का न्हाई आपटला?"

ते थांबले. हसण्यावारी न्यायला बघितलं. "आता सिव्हिल आम्हाला ड्रिल शिकवणार का?"

"ड्रिल मला येत नाही. पण दर महिन्याला माझी काच हलते. आज हलली न्हाई."

"काम कर तुझं. खिडकीत जा." आवाज एकदम चढला होता. आणि मी इतकी जवळ उभी होते की मला वास आला. गावात जनावराच्या खुराला जखम झाली, ती चिघळली की येतो तसा. शुगरच्या माणसाच्या पायाला तसा वास म्हणजे काय, ते या नोकरीत मला चांगलं माहीत झालेलं. पाय जातो. कधी माणूसही.

मी म्हटलं, "बूट काढा काका."

"न्हाई काढत."

डॉक्टर मॅडम गलका ऐकून दारात आल्या. त्यांनीही सांगितलं, विनवलं. काका नजर समोर लावून उभे, जणू पहाऱ्यावर. आता हे दारातून बाहेर गेले की पुढच्या महिन्यापर्यंत येणार नाहीत, आणि तोवर पाऊल राहणार नाही, एवढं मला स्वच्छ दिसत होतं. आमचं कुणाचं ते ऐकणार नव्हते. मी बाकाकडे वळले.

"सुभेदार साहेब, तुम्ही सांगा. आमचं न्हाई ऐकणार ते. तुम्ही हुकूम द्या."

सुभेदार साहेबांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा त्या बुटाकडे. मग उठले, शर्ट खाली ओढला, आणि सगळा व्हरांडा दणाणला. "हवालदार! बूट उतार!"

आणि काय सांगावं, काकांचे हात खाली गेले. विचार करायच्या आधीच गेले. वाकून ते नाडी सोडायला लागले आणि मधेच त्यांना कळलं आपण काय करतोय. वर बघितलं. चेहरा लहान मुलासारखा झाला होता. मी खाली बसून दुसरी गाठ सोडली. त्यांनी पाय मागे घेतला नाही.

मोज्याच्या आत हळदीचं फडकं गुंडाळलेलं होतं. शेतात बाभळीचा काटा गेला होता. शुगरमुळे दुखलाच नाही, म्हणून त्यांना कळलंच नाही. कळलं तेव्हा घाबरून घरीच बांधत राहिले. त्यांच्या एका सोबत्याचा पाय गुडघ्यातून काढला होता. "दाखवला की कापतात," एवढंच ते म्हणाले, तेही सुभेदार साहेबांना.

काकांचा मुलगा नांदेडला राहतो, म्हणून तिथल्या हॉस्पिटलची चिठ्ठी दिली आणि दवाखान्याच्या गाडीनं त्यांना नेलं. पाऊल वाचेल की नाही, मॅडम काही बोलेनात. बाकावर कित्येक दिवस कुणी मोठ्यानं हसलं नाही. सुभेदार साहेब रोज विचारायचे, "फोन आला का?" त्यांचा नंबर नसला तरी यायचे.

मी सुट्टीला घरी गेले तेव्हा दादांना घेऊन नांदेडला गेले. दोन बोटं काढली होती. पाऊल राहिलं होतं. पांढऱ्या पट्टीतला तो पाय उशीवर ठेवून काका बसले होते. दादांना बघून म्हणाले, "तुमचीच का ही? लई आगाऊ आहे."

"घरी बी तशीच हाय," दादा म्हणाले. "आमचं बी ऐकत न्हाई."

"ऐकायला नका सांगू तिला."

मग बराच वेळ दोघं ज्वारीवर बोलले. निघताना काका माझ्याकडे न बघता दादांना म्हणाले, "वर बर्फात आमची चौकी होती. रॉकेल, पीठ, घरची पत्रं, सगळं पाठीवर घालून पोर्टर आणायचे. सिव्हिल लोक, तिथल्याच गावचे. उशीर झाला की आम्ही त्यांच्यावर ओरडायचो. खाली उतरताना आमचे फोटो निघाले. त्यांचा एक बी फोटो नाही कुणाकडं." पट्टीवरून हात फिरवत म्हणाले, "पण त्यांच्याबिगर जगलो नसतो आम्ही. हे कुणाला सांगितलं न्हाई. तुम्हाला सांगून राहिलो."

दादांनी वाकून हात जोडले. एसटीत बसल्यावर म्हणाले, "चांगल्या ठिकाणी लागलीस." पदवीच्या पेढ्यांपेक्षा मला ते गोड लागलं.

आता आमच्याकडे शुगरचा माणूस आला की आधी बूट काढायचे, मग डॉक्टर. हा नियम मॅडमनी केला, पण राबवतात सुभेदार साहेब. व्हरांड्यात बूट ओळीत लागतात, टाचेला टाच, तपासणीला उभे असल्यासारखे. एखादा कुरकुरला की ते म्हणतात, "सिव्हिलचा हुकूम आहे. उतार."

लोक मला म्हणतात, तू काकांचा पाय वाचवलास. पाय डॉक्टरांनी वाचवला. पण एवढ्या ताठ माणसानं चारचौघांत, लेकीच्या वयाच्या पोरीपुढे तो पाय तसाच राहू दिला, मागे ओढला नाही, याचे उपकार मी विसरणार नाही.

काका परत आले ते पुढून रुंद असलेली कापडी चप्पल घालून, हातात काठी. डावा पाय आपटायला मॅडमनी सक्त मनाई केली होती. मी म्हटलं, "उजवा आपटा की."

"उजव्यानं सावधान होत न्हाई," ते रागावून म्हणाले. "एवढं बी कळत न्हाई."

मग ते आत गेले नाहीत. माझ्याच खिडकीपुढे ताठ उभे राहिले, आणि काठीचं टोक फरशीवर असं हाणलं की मागची काच थरथरली.

"जय हिंद," ते म्हणाले. आणि माझ्या घड्याळाकडे बोट करून, "खिडकी उशिरा उघडलीस आज. सिव्हिल!"

"हाव काका," मी कार्ड हातात घेत म्हटलं, "सिव्हिलच हाय मी."