गळका ड्रम आणि एकशे चाळीस खेळ

मी आजवर एकशे चाळीस व्हिडिओ गेम विकत घेतले आणि त्यांतले दोन खेळलो. त्यातलाही एक अर्धाच.

बाकीच्यांच्या डब्या कपाटात होत्या. ऑफिसातून गारखेड्यातल्या घरी आलो की एखादी हातात घ्यायची आणि वरचं चित्र बघत बसायचं. निळा समुद्र, शिडाचं जहाज, धुक्यातलं बेट. पाच मिनिटं मी त्या बेटावर असायचो. मग कुकरची शिट्टी व्हायची. खरं सांगतो, फार सुखाचे दिवस होते ते.

शेवटी बायकोनं, सुनीतानं, दम भरला. "जुने खेळून झाल्याशिवाय नवा घरात आणलात, तर सगळे भंगारात."

मी लगेच कबूल झालो आणि पुढचे नवे खेळ गच्चीवरच्या ड्रममध्ये लपवू लागलो.

ती दुष्काळाची वर्षं होती. शहर चारी बाजूंनी वाढत होतं, नळाला पाणी मात्र आठ दिवसांनी यायचं. गल्लीत माणसांपेक्षा निळे ड्रम जास्त. आमच्याकडे चार होते. चौथा गळका आहे, ही बातमी मीच पसरवली होती. (गळक्या ड्रमकडे दुष्काळात कोण बघतंय?)

गंगापूरहून आलेल्या सासूबाई बघतात. एका संध्याकाळी ऑफिसातून आलो, तर नळ आलेला आणि त्या गच्चीवर चौथ्या ड्रममध्ये पाइप सोडून उभ्या.

"अहो आई, तो गळका आहे!"

"गळंना का, जावईबापू. आठ दिसांचं पाणी हाय, निम्मं तरी ऱ्हाईल." मग आत वाकून म्हणाल्या, "गळत तर काहीच नाय. पर तरंगायलंय लई काय काय."

सुनीताही वर आली. उतरत्या उन्हात डब्या चमकत होत्या, हळूहळू गोल फिरत होत्या. माझी जहाजं पहिल्यांदाच खऱ्या पाण्यात उतरली होती! इतकं देखणं दिसत होतं ते, की आपण पकडले गेलोय हेच मी घटकाभर विसरलो.

"एक रविवार देते," सुनीता म्हणाली. "एक तरी खेळ पुरा करून दाखवा. नाहीतर सगळे गेले."

रविवारी मला कुणी हाक मारली नाही. कपाटातल्या, ड्रममधल्या सगळ्या डब्या मी गच्चीवर मांडल्या आणि निवडायला बसलो. बेट घ्यावं की बर्फाचा डोंगर? डोंगरावर जरा हिंडून आलो, मनातल्या मनात. जंगलातही गेलो. जेवणाचं ताट वर आलं, रिकामं खाली गेलं. उन्हं कलली.

"कुठला संपवला?" सुनीतानं विचारलं.

"आता फक्त तिघांतून एक निवडायचा राहिलाय."

सोमवारी भंगारवाला आला. डब्या उलटसुलट करून म्हणाला, "भाभी, ये तो कोरे दिसरे. काय कू देरे?"

"वापरले असते तर ठेवले असते," सुनीता म्हणाली.

हातगाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी गच्चीत उभा होतो.

महिन्याभरानं तोच भंगारवाला गल्लीत भेटला. भंगारात आलेलं गेम खेळायचं एक जुनं मशीन त्यानं दुरुस्त करून घेतलं होतं.

"साब, वो जहाजवाला खेल कल पूरा हुआ. आखिर में रोना आगया मेरे कू. तुमकू बी आया था क्या?"

"आया था," मी म्हणालो. तुझी हातगाडी वळली तेव्हा, हे मात्र सांगितलं नाही.