मोहाखाली शेवट सांगायचा नाही

मी मुळातच भित्री बाई. संध्याकाळी लाइट गेली की आधी मागचं दार लावते आणि मग मेणबत्ती शोधते. भद्रावतीत आमच्या क्वार्टरमागे कुंपणाची भिंत आहे, भिंतीपलीकडे झुडपं, आणि त्या झुडपांत अधूनमधून कुणाला तरी बिबट दिसतो. नाही दिसला तरी दिसला म्हणून सांगणारे असतातच. अशा बाईनं खरं तर काहीतरी हलकंफुलकं वाचावं. पण मला आवडतात त्या कादंबऱ्या, ज्यांचं पान उलटताना हात आखडतो. नवरा म्हणतो, "तुले घाबराची हौसच आहे." आहे हौस. पुस्तकातल्या भीतीचं एक बरं असतं, अजून किती पानं उरलीत ते अंगठ्याला कळत असतं.

आमचा वाचणाऱ्या बायकांचा फोनवर एक ग्रुप आहे. कुणी शाळेत शिकवते, कुणी बँकेत आहे, माझ्यासारख्या काही घर सांभाळून वाचणाऱ्या. कादंबरी वाचली की तिच्याबद्दल चार शब्द सांगायचे, अशी रीत. त्यात 'अप्रतिम, नक्की वाचा' एवढंच टाकून मोकळ्या होणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. लग्नाचं जेवून आल्यावर 'छान होतं' म्हणण्यातलाच तो प्रकार. बाई गं, वरणात मीठ किती होतं ते सांग ना. मला टाइप करायचा कंटाळा, म्हणून मी बोलून पाठवते. माझं बोलणं लांबतं हे मला माहीत आहे. पण कोणती बाई पटली, कोणती नाही पटली, लेखकानं कुठे आळस केला, सगळं सांगते. फक्त शेवट सांगत नाही. शेवट सांगणारीला मी चहासुद्धा विचारणार नाही.

माझी मोठी बहीण, तिला आम्ही बाई म्हणतो, चंद्रपूरकडच्या मूल गावाच्या पुढे जंगलाला लागून असलेल्या एका गावात दिलेली. तिला वाचता येतं, पण दिवसभर शेतात आणि चुलीपाशी राबल्यावर पुस्तक घेतलं की दुसऱ्या पानावर डोळा लागतो. म्हणून माझं बोलणं मी तिलाही पाठवू लागले. तिनं ते शेजारणींना ऐकवलं. त्यांनी आणखी मागितलं. ग्रुपमधल्या शिकलेल्या बायका माझ्या बोलण्याला एक अंगठ्याचं चित्र टाकून पुढे जात. बाईच्या गावातून मात्र भांडण परत यायचं. "थे मास्तरीन मले पटली नाई, एवढी शिकली अन् नवऱ्यापुढं काऊन मुकाट बसते?" असं कुणीतरी मागून ओरडलेलं बाईच्या फोनवर ऐकू यायचं. मला त्याचा फार अभिमान वाटायचा. माझ्या बोलण्यावर कुणी खरोखर चिडतं याहून मोठं कौतुक नाही.

फाल्गुन संपता संपता मोह गळायला लागतो आणि गावातल्या बाया उजाडताना फुलं वेचायला जातात. तिथे मोहाची झाडं वाटलेली आहेत. जंगल सरकारचं, पण कोणतं झाड कोणत्या घराचं हे आजेसासवांच्या काळापासून ठरलेलं. दुसरीच्या झाडाखाली कुणी वाकत नाही. त्यामुळे निघताना सगळ्या मिळून निघाल्या तरी तिथे पोचल्या की पांगतात, आणि प्रत्येकजणी आपापल्या झाडाखाली एकटी असते, तीही वाकलेली. वाकलेलं माणूस वाघाला माणूस वाटत नाही, असं तिथले लोक सांगतात. म्हणून बोलत राहायचं. हाक मारायची, हाकेला ओ द्यायची. ज्या झाडाखालून आवाज येतो तिथली बाई ठीक आहे.

पण रोज रोज बोलणार काय? सुना, सासवा, रेशन, सगळं दोन दिवसांत संपतं. मग त्यांनी माझ्या कादंबऱ्या धरल्या. संध्याकाळी घरी रेंज असते तेव्हा बाई माझं बोलणं फोनमध्ये उतरवून घ्यायची. सकाळी वाटेनं फोन मोठ्यानं लावून सगळ्या ऐकत जायच्या, आणि झाडांखाली पांगल्या की या झाडाहून त्या झाडाकडे भांडायच्या. हे मला बाईनं हसत हसत सांगितलं होतं. मी हसले नाही. त्या दिवसापासून दरवर्षी मोहाचे दिवस संपेपर्यंत मी रोज सकाळी तिच्या फोनची वाट बघते. चहाच्या वेळेला तिचा फोन येतो, ती आधी कादंबरीतल्या कुणाला तरी शिव्या देते, आणि मग माझा घास खाली उतरतो.

यंदा मी एक कादंबरी वाचली. त्यातल्या सुनेला सासूनं फार छळलेलं असतं, इतकं की ती अंगावरच्या कपड्यांनिशी घर सोडते आणि दुसऱ्या गावात स्वतःच्या हिमतीवर उभी राहते. पुष्कळ वर्षांनी एका थंडीच्या संध्याकाळी तीच सासू, आता म्हातारी आणि कुणी न विचारणारी, एक पिशवी घेऊन तिच्या दारात येते. कडी वाजवते. सून आतून ओळखते आणि दार उघडत नाही. पुढची सगळी कादंबरी त्या बंद दाराच्या दोन बाजूंना घडते. मी ती घाबरत घाबरत वाचली आणि शेवटी खूप रडले. बाईला पाठवताना नेहमीसारखी दारापाशी थांबले. उघडते की नाही, ते वाचूनच बघा, म्हटलं.

त्या दारानं गावात आग लावली. निम्म्या बाया म्हणाल्या उघडलं पाहिजे, निम्म्या म्हणाल्या बुढी बसू दे थंडीत. तीन सुनांची एक सासू त्यांच्यात होती, तिनं म्हणे रागानं टोपली आपटली. बाईचा फोन रोज यायचा, आणि रोज तीच भुणभुण.

"शेवट सांग ना वो."

"पुस्तक पाठवते, वाच."

"मले कवा वाचनं होते? पुरनपोळीच्या अर्ध्या ताटावरून काऊन उठवतं?"

असं आठवडाभर चाललं. ती माझी मोठी बहीण. लहानपणी मला झोप लागेस्तोवर गोष्टी तिनंच सांगितल्या आणि एकीचाही शेवट कधी लपवला नाही. मला दया आली. एका संध्याकाळी मी पूर्ण शेवट सांगितला, जीव ओतून. पहाटे सून दार उघडते, तेव्हा म्हातारी पायरीवर बसल्या बसल्या गेलेली असते. पिशवीत सुनेचं, जाताना राहून गेलेलं लुगडं असतं, घडी करून ठेवलेलं.

दुसऱ्या दिवशी चहाची वेळ झाली, बाईचा फोन आला नाही. पोळ्या झाल्या, तरी नाही. मी लावला तर लागत नव्हता. रेंज नसेल, मी स्वतःला सांगितलं. चार्जिंग संपलं असेल. शेवट ऐकून रागावली असेल. मी धुतलेली भांडी परत धुतली. मग फोन वाजला, तो भाऊजींचा, बाईच्या नवऱ्याचा होता. भाऊजी मला सणावारालाही फोन करत नाहीत.

"बाई बोलली का तुह्यासंग?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हटलं.

"बाया अजून आल्या नाई. जनावर आहे म्हनून सांगून राह्यले तिकडं. आमी सगळे निंगालो."

मी फोन ठेवला. नवरा ड्युटीवर. त्याला निरोप टाकला आणि मिळेल त्या बसनं चंद्रपूर गाठलं, तिथून मूलच्या बसमध्ये बसले. पर्समध्ये सवयीनं एक पुस्तक टाकलं होतं. ते मी बाहेर काढलं आणि तसंच मांडीवर उलटं धरून बसले. शेजारच्या बाईनं विचारलं, "तब्येत बरी नाई का?" मी मान हलवली. मला भीती वाटत होती, आणि या भीतीला पानं नव्हती. बसच्या खिडकीतून सागाची झाडं मागे जात होती, सगळी सारखी, आणि प्रत्येकाखाली मला कुणीतरी वाकलेलं दिसत होतं. आपण उगाच आयुष्यभर घाबरायच्या गोष्टी विकत आणल्या, असं वाटलं. घरात ठेवायला जागा नाही इतक्या आणल्या.

मूलच्या स्टँडवर उतरले आणि भाऊजींचा फोन आला. "आली. सगळ्या आल्या. धड आहेत." मी तिथेच बाकावर बसून मोठ्यानं रडले. एका अनोळखी म्हातारीनं मला पाणी दिलं.

गावात पोचले तर बाई ओसरीवर बसली होती. हातात चहा, आणि चहा थंड झालेला. मला बघून ती उठली नाही. मी जवळ बसले. कप खाली ठेवून ती बोलू लागली.

"तुह्यं आयकलं वाटेनं. सगळ्या रडल्या. मंग गेलो आपापल्या झाडाखाली. कोनीच बोले नाई. काय बोलतीन? सपलं होतं ना सगळं."

तिचं झाड सगळ्यांत टोकाचं, नाल्याकडचं. ती फुलं वेचत होती, डोळे पुसत होती. मान वर केली तर नाल्यापलीकडे तो उभा होता.

"मले आवाजच फुटे नाई," ती म्हणाली. "तोंड उघडलं, पन काईच नाई. अन् बाकीच्याईले वाटे, बाई रडून राह्यली, रडू दे."

किती वेळ गेला ते तिला सांगता येत नव्हतं. तो बसला. तिच्याकडे बघत बसला. ती टोपली पोटाशी धरून उभी, पाय जमिनीत रुतल्यासारखे. हाक मारणारं कुणी नव्हतं, म्हणून ओ नाही आली हेही कुणाला कळलं नाही. शेवटी बाजूच्या झाडाखालून ती टोपली आपटणारी सासू न राहवून ओरडली, "मी असती तं पयलेच दार उघडलं असतं. बुढी होती बिचारी. काऊन वो बाई, खरं का नाई?" बाईनं उत्तर दिलं नाही. तिनं दुसऱ्यांदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारताना तिचा आवाज बदलला, आणि मग सगळीकडून एकदम हाका सुरू झाल्या. त्या आवाजानं तो उठला आणि बांबूत शिरला. पण गेला नाही. वाटेच्या बाजूलाच कुठेतरी राहिला. बाया पाठीला पाठ लावून एका जागी उभ्या राहिल्या आणि माणसं डबे बडवत, फटाके फोडत येईपर्यंत ओरडत राहिल्या.

सांगून झाल्यावर बाईनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता ती मला धरून रडेल.

"तू शेवट काऊन सांगतला वो?" ती म्हणाली.

"तूच मागितला."

"मी तं मागीनच. तुले समजाले पायजे."

त्या रात्री मी तिथेच राहिले. वनखात्याची माणसं नाल्याकडे कुणी जाऊ नका म्हणून सांगून गेली होती, पण मोह काही नाल्याकडेच गळत नाही. फुलं गळून गेली की वर्षभर पुन्हा नाहीत, त्यामुळे सकाळी बाया गावाच्या अलीकडच्या झाडांकडे निघाल्या. त्या बाजूला बाईचंही दुसरं एक झाड होतं. तीही निघाली. मी तिचा हात धरला. नको जाऊस, म्हटलं, एक वर्ष मोह नाही वेचला तर काय बिघडतं. तिनं हात सोडवून घेतला आणि डोक्यावर चुंबळ ठेवली. मग मीही निघाले. मला तिथे जायची अजिबात इच्छा नव्हती. ओसरीवर बसून तिची वाट बघण्यापेक्षा मात्र ते सोपं होतं.

झाडांपाशी पोचल्यावर सगळ्या पांगल्या. मी बाईच्या झाडाखाली जायला वळले तर ती म्हणाली, "इथीच ऱ्हाय मधात, सगळ्याईले आयकू येईन." मी मधे एका दगडावर उभी राहिले. खाली पिवळी फुलं आणि तो गोड, जड वास. सुरुवातीला हाका झाल्या. हळूहळू त्या कमी झाल्या. मग पाला वाजत होता तेवढाच. कालची थकलेली माणसं, बोलणार काय? बाई तिच्या झाडाखाली वाकलेली होती, मला तिची नुसती पाठ दिसत होती. मग ती खोडाच्या पलीकडे गेली आणि पाठही दिसेना.

मी त्या कादंबरीसाठी रडलेली बाई. त्या म्हातारीसाठी दोन दिवस माझ्या घशाखाली नीट जेवण उतरलं नव्हतं. ती वाचणाऱ्या कुणालाही मी हेच सांगेन की सुनेनं दार आधी उघडायला हवं होतं, आणि तिला ते आयुष्यभर सलत राहणार हेच त्या पुस्तकाचं मोठेपण आहे.

मी दगडावर उभी राहून जमेल तेवढ्या जोरात ओरडले, "मी म्हणते, बरं झालं दार उघडलं नाही ते. मेली ते बरंच झालं."

मग डावीकडून ती सासू कडाडली, मागून आणखी कुणी, उजवीकडून दोघी एकदम. मी बाईच्या झाडाकडे बघत राहिले. खोडामागे हालचाल नव्हती. मी पुन्हा ओरडले, अजून वाईट काहीतरी.

"काऊन बरं झालं?" खोडामागून बाईचा आवाज आला, संतापानं फाटलेला. "तुह्या दारात मेली असती तं? शिकून हेच शिकली का तू?"

"हो," मी ओरडले. "हेच शिकले."

"येतोच मी तिकडं, थांब," बाई म्हणाली, आणि बोलतच राहिली.