मोखाड्याचा पासवर्ड

आधीच सांगतो, भुताखेतांच्या गोष्टींची टिंगल करण्यात आपला हातखंडा! पण हे वाचाच...

२००३-०४ च्या सुमाराची गोष्ट. मी कंत्राटी नेटवर्कवाला. जव्हार आणि मोखाडा इथली दोन ऑफिसं जोडायची होती. मोखाड्याचा राउटर आदल्या दिवशी बसवून आलो होतो. आता टेलनेटनं, म्हणजे जव्हारच्या खुर्चीत बसूनच त्यात शिरून, उरलेलं सेटिंग करायचं होतं. सोमवारी उद्घाटन. "लिंक चालली तर तू पर्मनंट, नाहीतर रामराम," बॉसनं तोंडावर सांगितलेलं.

आणि शनिवारी दुपारी एकला मी माती खाल्ली! येणाऱ्याला पासवर्ड विचार, एवढं राउटरला सांगितलं... आणि पासवर्ड ठेवायलाच विसरलो! सेव्ह करून बाहेर पडलो. परत शिरायला गेलो तर म्हणतो — पासवर्ड हवा, पण ठेवलेलाच नाही. झालं! आता तिथं जाऊन केबल लावल्याशिवाय इलाज नाही, आणि ती केबल राहिली ठाण्यात. अडीचला मोखाड्याला फोन लावला तर नुसती रिंग.

साडेतीनला वैतागून पुन्हा प्रयत्न केला, तर अहो, चक्क पासवर्ड विचारला! मी जो ठेवणार होतो, कुणालाही न सांगितलेला, तोच टाईप केला. आत! मी खुर्चीतून उडालोच!

तेवढ्यात दारात मोखाड्याचे शिपाई काशिनाथकाका. साखरशेतला घरी जायला जव्हारला गाडी बदलत होते.

"सायेब, घोर नका करू. तुमची पेटी दोनालाच वायरी काढून कपाटात घातली. इजा कडाडत व्हत्या ना! टीव्ही पन आमी असाच काढून ठेवतो."

"कुठली पेटी, काका?"

"तीच, लुकलुकनारी." त्यांनी कपाटाची किल्ली दाखवली.

मी त्यांच्यासमोर एंटर दाबलं. मोखाड्याच्या राउटरनं उत्तर दिलं! काका स्क्रीनकडे बघतच राहिले. "मंग यो कोन बोलतंय?"



सोमवारी सकाळी सातला मोखाड्यात काकांनी आणि मी मिळून कपाट उघडलं. राउटर पेपरात गुंडाळलेला, थंडगार. जोडला, शेजारच्या कॉम्प्युटरवरून शिरलो. पासवर्ड विचारला... आणि माझाच लागला!

उद्घाटन झोकात झालं. मी पर्मनंट झालो, त्याच नोकरीवर आज घर चालतंय. 'उत्तम कामाबद्दल' असं पत्रात लिहिलंय. ते काम कुणी केलं, हे मात्र मला अजूनही माहीत नाही.