उरलेले धडे

सर्वण गावच्या सुलोचना गावस दहावी पास झाल्या तेव्हा चाळिशीला टेकल्या होत्या. डिचोलीत त्यांचा सत्कार झाला. शाल घालून पाहुणे समोरच्या मुलांना म्हणाले, "जिद्द असावी तर अशी!" टाळ्या पडल्या. सुलोचनाबाईंना बोलायला उभं केलं. त्यांनी माईकला हात लावला, तोंड उघडलं आणि तशाच खाली बसल्या. गावची बाई, बुजली असेल, असं सगळ्यांना वाटलं.

त्या बुजल्या नव्हत्या. खरं सांगितलं असतं तर सत्काराचा रंग उतरला असता.

गोवा घटकराज्य झालं त्या वर्षी त्यांची एकुलती एक मुलगी गौरवी दहावीत गेली. भूगोलाच्या पुस्तकात गोवा अजून केंद्रशासितच होता. पोरीनं ते पेनानं खोडून वर ठसठशीत 'राज्य' लिहिलं होतं. तिला मोठ्यानं वाचायची सवय. तिचे वडील सगुण बसवर कंडक्टर. संध्याकाळी ते सोप्यावर चहा घेत बसायचे आणि आतून धडा ऐकू यायचा. मधेच ते ओरडत, "काय म्हटलंस? परत वाच!" मग ती परत वाची. त्यांना न कळण्यासारखं काही नसे. लेकीचा आवाज ऐकायचा असे.

चवथीच्या आदल्या दिवशीही ती वाचत होती. सुलोचनाबाईंनी चुलीकडून हाक मारली, "गो, पुस्तक ठेव. गणपतीवयल्या माटोळीक बांधूक रानफळां हाडून ये."

"धडो सोपता गे आई. थोडोच उरलो."

"धडो खंय पळान वता? काळोख पडात मागीर."

गौरवीनं पुस्तक पालथं घातलं आणि ती डोंगरावर गेली. वर बंद खाणीचा खंदक पावसानं काठोकाठ भरला होता. फळांचा वेल नेमका त्याच्या कडेला होता. लाल माती पायाखालून सुटली. दुसऱ्या दिवशी गावात गणपती आले तेव्हा दोर लावून माणसं तिला वर काढत होती.

बारावं झाल्यावर सगुणनी पुस्तकं चादरीत बांधायला घेतली. शाळेत कुणा गरजूला द्यावीत म्हणून. सुलोचनाबाईंनी गाठोडं ओढून घेतलं. पालथ्या पुस्तकाला तोवर त्यांनी कुणाला हात लावू दिला नव्हता. ते त्यांनी उलटं केलं आणि पुढच्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. त्या स्वतः सातवीपर्यंत शिकलेल्या. अडखळत, बोट फिरवत त्यांनी तो धडा संपवला.

"कित्याक वाचतस गो?" सगुण म्हणाले. "ऐकूक कोण आसा?"

"मीच उठवलंय तिका," त्या म्हणाल्या. "उरलेलो कोणी तरी वाचूक होयो."

दुसऱ्या संध्याकाळी पुढचा धडा. मग तो नेमच झाला. शेजारची पार्वती विहिरीवर म्हणायची, "लेक गेली नि हिका शाळा सुचली." सुलोचनाबाई घागर उचलून चालू लागत. मराठी झालं, इतिहास झाला. गणित मात्र नुसतं वाचून पुढं सरकेना. तेव्हा त्या गौरवीच्या शाळेतल्या कृष्णनाथ मास्तरांकडे गेल्या. मास्तरांनी गणित शिकवलं आणि न विचारता बाहेरून परीक्षेला बसवण्याची खटपटही सुरू केली. "एवढं केलंत, तर पेपर द्या," ते म्हणाले. त्यांनी दिले. पहिल्या वेळी गणितात नापास झाल्या. गाव हसलं. त्या पुन्हा पहिल्या उदाहरणापासून बसल्या. हसणाऱ्यांना काही दाखवायचं होतं असं नाही. तेवढं राहिलं होतं, एवढंच.

सगुण आताशा संध्याकाळी पुन्हा सोप्यावर थांबू लागले होते. एकदा आतून कविता ऐकू आली. चहाचा कप हातात धरून ते सवयीनं ओरडले, "परत वाच गो, गौरवी!"

 सगुणनी कप खाली ठेवला. आत सुलोचनाबाईंनी पान मागं उलटलं आणि कविता पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचली. 

दुसऱ्या खेपेला त्या पास झाल्या. सत्कार झाला, वर्तमानपत्रात फोटो आला. घरी येऊन त्यांनी शाल घडी घालून ठेवली आणि संध्याकाळी नेहमीसारख्या दिव्यापाशी बसल्या. वाचायला काही नव्हतं. सगळी पुस्तकं संपली होती. त्या रडल्या, गौरवी गेल्यापासून पहिल्यांदाच. तेव्हा गर्दीत रडता आलं नव्हतं.

कृष्णनाथ मास्तर पेढे घेऊन आले. "आता बारावी, सुलोचनाबाई. थांबू नका."

"नाही, मास्तर. तिचीं पुस्तकां दहावीपर्यंतच होती."

मास्तरांनी आग्रह केला नाही.

पुढं बालवाडीत त्यांना नोकरी लागली. ती त्यांनी निवृत्तीपर्यंत केली. पोरांना त्यांनी अक्षरं शिकवली, गाणी शिकवली. मार्गदर्शनाला शाळांची बोलावणी यायची, तिकडे त्या कधी गेल्या नाहीत. त्यांच्या वर्गात एक गोष्ट मात्र ठरलेली होती. पाटीवर वळवळत ओळ पुरी करणाऱ्या पोराला न्यायला आई दारात आली, तरी बाई म्हणायच्या, "बस गो जरा. लिहून होऊं दी त्याचां."